पालखी न थांबलेलं घर

माझ्या नोकरीत मोठे गुन्हे पुष्कळ झाले, पण जुन्या गोष्टी निघाल्या की मनात पहिलं येतं ते पोलादपूर तालुक्यातलं एक जळकं घर. ते विसरता आलं असतं तर मी सुखाने निवृत्त झालो असं म्हणता आलं असतं. नावं कुणाचीच घेत नाही, गावाचंही नाही. उमरठच्या पुढे डोंगराला चिकटून ते गाव आहे, एवढं पुरे. ज्यांच्यामुळे ही हकीकत सांगावीशी वाटते त्यांना मी नुसतं आमदार म्हणेन. तेव्हा ते आमदार नव्हते. एकदा होऊन पडले होते आणि पुन्हा होण्याची वाट बघत होते.

आजकाल आमदार म्हटलं की डोळ्यांपुढे गाड्या आणि ठेकेदार येतात. या माणसाचं तसलं काही नव्हतं. महाडला वकिली करायचे, गरिबाची केस फुकट चालवायचे, एसटीने फिरायचे. दारूला कधी शिवले नाहीत. आणीबाणीत नसबंदीच्या सक्तीविरुद्ध बोलले म्हणून आत गेले आणि बाहेर आले ते थेट विधानसभेत. तिथे त्यांनी एक भाषण केलं आणि मुंबईच्या पेपरांत गदारोळ उडाला. कुणाच्या घरात कुणाशी लग्न व्हावं, कुणाच्या पंक्तीला कुणी बसावं, हे गाव ठरवील, सरकारने त्यात नाक खुपसू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. मुंबईने झोडपलं आणि इकडे लोकांनी हार घातले. पुढच्या निवडणुकीत ते पडले, पण ते पक्षातल्या भांडणामुळे, लोकांमुळे नव्हे.

लाच खाणारा पुढारी मला परवडायचा. त्याला कुठून धरायचं ते पोलिसाला कळतं. हा माणूस जे बोलायचा ते मनापासून बोलायचा, आणि लोकांना ते पटायचं.

गावकी म्हणजे काय हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. त्या डोंगरपट्ट्यात गावातली सगळी घरं मिळून एक बैठक असते. देऊळ, सण, भांडणं, सगळं ती बघते. तिचं न ऐकणाऱ्या घराला वाळीत टाकतात. त्या घराशी बोलायचं नाही, लावणीला जायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. वाचायला हे जुनाट वाटेल. एक पावसाळा तसा काढून बघा. वाळीत टाकण्याविरुद्ध वेगळा कायदा तेव्हा आमच्या हातात नव्हता. तो फार वर्षांनी आला.

ज्या घराची ही गोष्ट, त्यात एक म्हातारा शेतकरी आणि त्याची बायको राहायची. मुलगा मुंबईला कंपनीत. त्याने महाडजवळच्या एका वाडीतल्या बौद्ध मुलीशी नोंदणी करून लग्न केलं. मुलगी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. गावकीने म्हाताऱ्याला सांगितलं, पोराचं नाव टाक, त्याला घरात घेऊ नको. म्हाताऱ्याने टाकलं नाही. उलट गणपतीला सून घरी आली तेव्हा तिला चुलीपाशी घेतलं. त्या दिवसापासून ते घर वाळीत.

जिल्ह्याचं नाव कुलाब्याचं रायगड होऊन फार काळ झाला नव्हता. मी पोलादपूरला फौजदार होतो. शिमग्याचे दिवस म्हणजे आम्हाला ताप. प्रत्येक गावात पालखी, पालखीच्या मानावरून भांडण, आणि अख्ख्या ठाण्याला मिळून माणसं मूठभर. एका सकाळी हजेरी घेऊन मी बंदोबस्त वाटत होतो, तेवढ्यात त्या गावचा पोलीस पाटील आला. खबर तोंडाने न सांगता त्याने कागदच पुढे केला. आदल्या दुपारी अमुक इसमाच्या घरी देवापुढचा दिवा कलंडून आग लागली, घर जळालं, त्याची बायको भाजली, कुणावर संशय नाही.

"पाटील, एवढं सुवाच्य कधीपासून लिहायला लागलात?" मी विचारलं.

"लिवून घेतला साहेब, मास्तराकडना," तो म्हणाला आणि टोपी नीट करत बसला.

मी आकस्मिक जळिताची नोंद करायला सांगितली. पाटील पायऱ्या उतरतो न उतरतो तोच एक बाई ठाण्यात आली. साधं पातळ, डोळे सुजलेले, पण बोलणं स्वच्छ. ती त्या म्हाताऱ्याची सून होती, महाडच्या दवाखान्यातून पहिल्या एसटीने आलेली. सासूला आदल्या संध्याकाळी सासऱ्याने तिथे आणलं होतं आणि तिला सगळं सांगून तो परत गेला होता. पालखीच्या दिवशी आपण गावात दिसलो तर तेवढंच निमित्त होईल म्हणून ती आणि तिचा नवरा सणाला तिच्या माहेरी थांबले होते.

"साहेब, दिवा पडला म्हणतायत ना? सासूबाई तापाने पडून होत्या. उठून दिवा लावणार कोण? आणि बैल बाहेर होते. घर जळालं, गोठा जळाला, बैल मात्र ओढ्याकाठी झाडाखाली उभे. ते दिव्याने सोडले का?"

मी नोंदी लिहिणाऱ्या रायटरला म्हटलं, मघाची नोंद थांबव. जीप काढली.

रस्ता संपल्यावर चढून गेलो. घराच्या भिंती काळ्या उभ्या होत्या, पेंढ्याचा माळा कोसळून आत पडला होता आणि अजून धुमसत होता. म्हातारा उंबऱ्याच्या दगडावर बसला होता. आदल्या दुपारी तो कुठे होता ते विचारलं.

"टेपावर. पालखी बगत व्हतो."

पालखी घरोघर जाते, ओटी भरून घेते. त्याचं घर गाळून पुढे जाणार हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो वरच्या टेकाडावर जाऊन, करवंदीच्या जाळीआड बसून लांबूनच देवीला हात जोडत होता. मागल्या वर्षी दोघं नवराबायको जाऊन बसली होती. या वर्षी तिला ताप होता म्हणून तो एकटा गेला. पालखीपुढे ढोल-सनईचा खालू बाजा चालू असतानाच त्याला घरावर धूर दिसला.

"बैल तुम्ही सोडले होते?"

"नाय. बैल दावणीला व्हते. मी कशाला सोडू?"

हे मी त्याच्याच शब्दांत जबाबात लिहून घेतलं, अंगठा घेतला. मग गावातल्या कर्त्या पुरुषांना बोलावलं. प्रत्येकाला वेगळं बसवून विचारलं. सगळ्यांचं एकच, आमी पालखीत होतो, आमाला काय ठावं नाय. कोण पुढे होतं, कोण मागे होतं विचारलं तरी ताकास तूर लागू देईनात. इतकी वर्षं पोलिसात काढल्यावर एक गोष्ट माणसाला कळते. खरं बोलणारी माणसं एकमेकांशी थोडी भांडतात. कुणी म्हणतं ढोल आधी थांबला, कुणी म्हणतं आरोळी आधी आली. इथे सगळ्यांचं तंतोतंत जमत होतं.

पंचनाम्यात बैल घ्यायचे होते. ओढ्याकाठी दोन्ही बैल नीट बांधलेले, पुढ्यात पेंढा टाकलेला. आग लावणाऱ्याने आधी जनावरं सोडून, सावलीत बांधून, त्यांना वैरण घातली होती. बाहेरचा कुणी असता तर एवढं केलं नसतं. शेतकरी दावणीला बांधलेलं जनावर जाळू शकत नाही, तेवढं पाप त्याच्याने होत नाही. माझा एक शिपाई माझ्यासारखाच घाटावरचा, तो पुढे होऊन तांबड्या बैलाच्या दाव्याला हात घालायला गेला. बैलाने शिंगं अशी काही फिरवली की गडी ओढ्यात पडला. जमलेली माणसं इतका वेळ तोंड शिवून उभी होती, ती हसली. एक म्हातारा कौतुकाने म्हणाला, "त्याला हात लावाचा नाय रे बाबा. धनी नायतर धनीचा भाव, तिसऱ्याला तो उभा करत नाय."

बोलून गेला आणि त्याच्या लक्षात आलं. हसणं तिथल्या तिथे थांबलं. एकेक जण खाली बघायला लागला. मी शिपायाला वर ओढून काढलं आणि विचारलं, "धनीचा भाऊ कुठे आहे?"

धाकटा भाऊ त्याच गावात वेगळा राहायचा. तो ओटीवर बसला होता. दोन्ही हातांना कसला तरी पाला बांधलेला. हात भाजले होते. कारण जळत्या घरात शिरून वहिनीला बाहेर काढलं होतं ते त्यानेच, आणि हे गावातल्या कुणीही जबाबात सांगितलं नव्हतं. वाळीत टाकलेल्या बाईला हात लावला, म्हणून.

त्याला ठाण्यात आणला. मारहाण केली नाही, करायची गरजच नव्हती. समोर ठेवलेला चहा निवून गेला, तो त्याला शिवलाही नाही. मी म्हटलं, "वहिनीला डॉक्टर बघतायत. जड आहे." तो लहान पोरासारखा रडायला लागला.

"माझी आय मेली तवा मी रांगत व्हतो साहेब. वैनीनं वाढवलान मला. ती दर साली टेपावर जाते पालखी बगायला. आत नसंल म्हणूनशान..."

हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, ते मोडलं. मुलाकडचे म्हणाले, तुमच्या घराण्यात बाट आहे. तो गावकीपुढे गेला, म्हणाला मी तर वेगळा राहतो, माझ्या पोरीचा काय दोष. शिमग्याच्या आधी बैठक भरली. त्या बैठकीला महाडहून आमदार आले होते. त्यांना दर वर्षी मानाने बोलावत.

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, घर म्हंजे चार भिती नाय. रीत गेली की घर गेलाच, मंग ऱ्हायल्या त्या नुसत्या भिती. त्या ऱ्हायल्या काय नि गेल्या काय. आनि म्हणाले, ज्याच्या घराण्याची खोट, त्यानंच ती भरून काढायची."

"जाळायला सांगितलं त्यांनी?"

तो गोंधळला. "नाय. ते असा कंदी सांगत नाय. ते गेल्यावर पंच माझ्याकडं बगत बसले."

मी पेन खाली ठेवलं. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून त्याचा कबुलीजबाब दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवून घ्यायचं ठरवलं. पण आमदारांचं काय करायचं? भिंती राहिल्या काय आणि गेल्या काय, या वाक्यावर मी कुठलं कलम लावणार? वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, "भाषणावर गुन्हे दाखल करायला लागलो तर कोठड्या पुरणार नाहीत. जळिताचा आरोपी मिळाला ना? मग आरोपपत्राचं बघा."

दुसऱ्याच दिवशी आमदार स्वतः ठाण्यात आले. खुर्ची दिली तर बाकावर बसले. आवाज चढवला नाही, दम दिला नाही.

"फौजदारसाहेब, त्या धाकट्याला मारू नका एवढंच सांगायला आलोय. भोळा आहे."

"त्याला भडकवला कुणी?" मी सरळ विचारलं.

"दुःखाने," ते म्हणाले. "एका घराने रीत मोडली की दहा घरांना दुःख होतं. तुम्ही घाटावरचे, तुम्हाला हे लोक कळायला वेळ लागेल. यांच्याकडे दुसरं आहे काय? जमीन नाही, पैसा नाही. एकमेकांना धरून आहेत म्हणून जगतायत. ते सुटलं तर यांना तुम्ही सांभाळणार की मी?"

"आणि ती सून? तिला कोण धरणार?"

"तिचं वाईट वाटतं," ते म्हणाले, "खरंच वाटतं." आणि उठले. मला आजही वाटतं की त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्या माणसाविषयी माझ्या मनात जो राग आहे त्याचं हेही एक कारण आहे.

म्हातारीचा जबाब घ्यायला मी तहसीलदारांना दवाखान्यात नेलं होतं. तिने एवढंच सांगितलं की डोळ्यांपुढे धूर होता, काही दिसलं नाही, धाकट्याने मला काढलं. आग कुणी लावली विचारलं तर म्हणाली, "धाकट्याला काय बोलू नका." तिला कळलं होतं, याबद्दल मला शंका नाही. मग ती गेली.

प्रेत गावात नेलं तेव्हा मी बंदोबस्ताला सोबत होतो. जळक्या घरापुढे ठेवलं. म्हातारा, त्याचा मुलगा आणि सून. धाकटा भाऊ माझ्या कोठडीत. सबंध गाव दारं लोटून आत. तिरडी बांधायला बांबू द्यायला माणूस नाही. सुनेच्या माहेरची काही मंडळी महाडहून आली होती, ती म्हणाली आम्ही खांदा देतो. माझे शिपाईही टोप्या काढून पुढे झाले. मी म्हाताऱ्याला म्हटलं, "बाबा, माणसं आहेत. उचलूया."

"आज हायत साहेब," तो म्हणाला. "बाराव्याला कोण येल? उद्या मी मेल्यावं कोण येल? तुमची बदली झाली की तुमी जाल. हिला गावानं नेऊंदे. ही या गावची व्हती."

मुलगा चिडून म्हणाला, "बाबा, सोड ना हे फालतू लोक. आपण मुंबईला जाऊ." म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलंही नाही. सूनबाई सासूच्या पायांशी बसली होती, तिने नवऱ्याच्या हाताला धरून खाली बसवलं.

तेवढ्यात आमदार आले. चढ चढून दमले होते. त्यांनी प्रेताला हात जोडले, म्हाताऱ्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिले. मग पंचांना बोलावलं. दारं उघडली. मी जवळ गेलो तेव्हा ठरून गेलं होतं. गावकी त्या घराला परत घेणार. भाऊ सुटला पाहिजे, म्हणून म्हाताऱ्याने जबाब बदलायचा. सून गावात येणार नाही.

"बाबा, मी तुमचा जबाब लिहून घेतलाय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

"दुसरा लिवा," तो म्हणाला. "बैल मीच सोडले व्हते. झाडाखाली मीच बांधले. दिवा मीच लावला व्हता."

"तुमची बायको गेली हो."

"म्हणूनच."

सून उठली. कुणी काही सांगायच्या आत तिने सासूच्या पायांवर डोकं ठेवलं आणि आपल्या माणसांबरोबर उतरायला लागली. नवरा तिच्या मागे चार पावलं गेला, मग आईकडे बघून परत आला. तिरडी उचलली तेव्हा पहिला खांदा आमदारांचा होता. महाडच्या एका साप्ताहिकात तो फोटो छापून आला.

भावाने दंडाधिकाऱ्यासमोर कबुली द्यायला नकार दिला. पंचनाम्याचे पंच फितूर झाले, पाटील फितूर झाला. फिर्यादी म्हाताराच साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला की बैल मी सोडले. आरोपी निर्दोष सुटला. कोर्टाबाहेर दोघे भाऊ गळ्यात पडून रडले. मी लांबून बघत होतो. मला आनंद व्हायला हरकत नव्हती, पण झाला नाही.

पुढच्या निवडणुकीत आमदार मोठ्या मतांनी आले. विधानसभेत त्यांनी हीच हकीकत नावं न घेता सांगितली, असं मी पेपरात वाचलं. कायद्याला जे जमलं नाही ते गावाने केलं, दुरावलेलं घर गावाने खांद्यावर घेतलं. बाकं वाजली म्हणे. या वेळी मुंबईच्या पेपरांनीही फार ओरड केली नाही.

काही वर्षांनी मी महाडला होतो. एक दिवस ती शिक्षिका ठाण्यात आली. मी ओळखलं. खुर्ची दिली, चहा मागवला. ती म्हणाली, नवऱ्याने गावात दुसरं लग्न केलं. आधी सुट्टीला एकटाच गावी जायचा, मग तिच्याकडे येणं कमी झालं, आणि आता हे. म्हाताऱ्याला डोळे मिटायच्या आत घर मार्गी लागलेलं बघायचं होतं.

"पहिली बायको हयात असताना दुसरं लग्न हा गुन्हा आहे ना साहेब?"

"आहे," मी म्हटलं. "पण अदखलपात्र आहे. मला थेट तपास करता येत नाही. तुम्हाला कोर्टात जावं लागेल. आणि लग्न विधीपूर्वक लागलं हे बघणाऱ्या साक्षीदारांनी सांगावं लागेल."

"बघणारे खूप होते. सगळं गाव होतं," ती म्हणाली. "आमदारसाहेबांनी अक्षता टाकल्या. त्यांचं नाव घालू का साक्षीदारात?"

तिने उत्तराची वाट बघितली नाही. नोंद केली, नक्कल दिली. ती तिने घडी करून पिशवीत ठेवली आणि शाळेची वेळ झाली म्हणून गेली. ती कोर्टात गेली नाही.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं मला तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना तपासाचं सांगतो, जबाब जुळायला लागले की संशय घ्या म्हणतो, जनावरांकडे बघा म्हणतो. ते त्यांच्या उपयोगाचं आहे. उरलेलं सांगत नाही. गुन्हा शोधून काढला की न्यायाचं अर्धं काम झालं, अशा समजुतीवर मी खाकी चढवली होती. त्या गावात मी गुन्हा शोधला, गुन्हेगार शोधला, कारणही शोधलं, आणि त्यातून एकाही माणसाचं भलं झालं नाही. एक बाई जळून गेली, दुसरी जिवंत राहून घराबाहेर गेली, आणि ज्याच्या बोलण्याने हे झालं तो प्रत्येक वेळी अधिक मोठा होत गेला.

आमदारांच्या सभांना पुढे मी कितीदा तरी बंदोबस्त दिला. व्यासपीठाच्या खाली, लोकांकडे तोंड करून उभं राहायचं असतं. मी समोरचे चेहरे बघत राहायचो. शेतावरून आलेले पुरुष, पोरं कडेवर घेतलेल्या बाया, मुंबईहून सुट्टीला आलेले कामगार. एकमेकांना जागा करून देत होते, म्हाताऱ्यांना पुढे बसवत होते. वाईट माणूस म्हणून बोट दाखवावं असा त्यात मला कधी एकही दिसला नाही. मग वरून ते रीतीविषयी बोलायला लागायचे, आणि ही सगळी चांगली माणसं टाळ्या वाजवायची.